वाटेवरचे प्रश्न : नकाशात उंची आहे, नाव नाही

मागच्या अंकात मावळातल्या भातराशी डोंगराबद्दल मी थोडं लिहिलं होतं. बेडसे लेण्यांच्या बाजूला, लोहगड-विसापूरच्याच रांगेत असूनही रविवारी सकाळी तिथे गुराख्याशिवाय कुणी भेटत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले हे काही प्रश्न. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाई, शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. आता मी हिंजवडीत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जायचं म्हटलं की सिंहगड, राजगड, लोहगड हीच नावं निघतात आणि तिथे गाडी लावायलाही जागा नसते. कुणी जात नाही असे डोंगर पुण्याजवळ आहेत का? दहा-बारा नावं द्याल का?

उत्तर : आहेत, भरपूर आहेत. पण यादी देणार नाही. यादी छापली की दोन महिन्यांत त्या पायथ्यांनाही गाड्या लागतात. त्यापेक्षा शोधायची रीत सांगते. ती एकदा अंगवळणी पडली की तुला कुणाच्या यादीची गरज उरणार नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाचे ५०,०००ला १ या प्रमाणातले नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेता येतात. वर्गात भिंतीवर लावायचो तेच. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटरची उंची. जुन्या क्रमांकांनुसार पुणे शहर ४७ एफ/१४ वर येतं आणि कात्रज ते सिंहगड ही धार त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ वर. नकाशा टेबलावर पसर आणि नावं वाचायचीच नाहीत असं ठरव. फक्त आकडे बघ. जिथे समोच्च रेषेचं वेटोळं पूर्ण होतं आणि आत नुसता उंचीचा आकडा असतो, नाव नसतं, तो तुझा डोंगर.

मग त्याच्याकडे जाणारी सोंड शोध. रेषा बोटासारख्या बाहेर आलेल्या दिसतात ती सोंड, आत घुसलेल्या दिसतात ती घळ. चढायला सोंड बरी. घळीत दगड वरून येतात आणि पुढचं काही दिसत नाही. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. रेषांमधलं अंतर २० मीटरचं असल्यामुळे १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधोमध लपून जातो आणि नकाशावर तो उतार अगदी सलग, सोपा दिसतो. आपल्याकडच्या डोंगरात असे टप्पे पावलोपावली आहेत. म्हणून उपग्रहाचं छायाचित्रही जोडीला बघ. सोंडेला आडवी, बारीक, काळी सावली दिसली की तिथे कातळ आहे असं धरून चाल. शक्य असेल तर आधी एकदा समोरच्या डोंगरावर जाऊन दुर्बिणीतून सगळी सोंड पायथ्यापासून माथ्यापर्यंत बघून घे. एक सकाळ त्यात जाते, पण ती सकाळही छान जाते.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईपासून सिंहगडापर्यंतची धार शेकडो लोक चालतात, विशेषतः पौर्णिमेच्या रात्री. पण तिच्यापासून शिवगंगेच्या खोऱ्यात, खेड-शिवापूर आणि कोंढणपूरच्या बाजूला उतरणाऱ्या सोंडांवर चिटपाखरू नसतं. हीच भुलेश्वर रांग पूर्वेला बोपदेव घाट, दिवेघाट करत यवतजवळच्या भुलेश्वराच्या देवळापर्यंत जाते. तिकडे पाऊस कमी, झाडी विरळ, त्यामुळे वाट लांबूनच दिसते आणि चुकलास तरी गाव नजरेआड होत नाही. नवशिक्यानं पहिलं वर्ष तिथेच काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. मुळशी, ताम्हिणीकडे एकदम जाऊ नकोस. तिकडे कारवीच्या रानात चार हातांवरचा माणूस दिसत नाही, धुकं उतरतं, आणि पश्चिमेला डोंगर संपतो तो थेट कोकणात.

शेवटचं म्हणजे गावात विचार. नकाशावर नाव नसलं म्हणून डोंगराला नाव नसतं असं नाही. पायथ्याच्या पारावर बसलेली माणसं तुला नाव सांगतील, वर कोणता देव आहे ते सांगतील, पाणी कुठे आहे ते सांगतील. "वरपर्यंत गुरं जातात का?" हा प्रश्न हमखास विचार. गुरं माथ्यावर जात असतील तर एक वाट निश्चित अशी आहे जिच्यावर हात टेकावा लागत नाही. तुला चढायचं कुठूनही असो, उतरायला ती वाट माहीत असली पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर डोंगरात जातो आणि दोर न लावता कातळ चढतो. "आई, हे क्लाइंबिंग नाही, नुसतं स्क्रॅम्बलिंग आहे," म्हणतो आणि व्हिडिओ दाखवतो. मला रात्र रात्र झोप लागत नाही. त्याला अडवू का? कुठपर्यंत ठीक आणि कुठून पुढे धोका, हे आमच्यासारख्यांना कसं कळावं? (सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, अडवू नका. अडवलंत तर तो जाईलच, फक्त तुम्हाला सांगणार नाही. त्यापेक्षा त्याच्याशी त्या कातळाबद्दलच बोला. त्यासाठी थोडी माहिती तुमच्याकडे हवी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि थिजला. पण सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळे, टणक. त्यांचे उभे कडे होतात. काहींमध्ये वायूचे बुडबुडे राहून दगड जाळीदार झाला. तो झिजतो, भुसभुशीत होतो आणि त्याचा तिरपा उतार होतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो, तो तर हातानं उकरता येतो. म्हणून आपला डोंगर चढताना आधी गवताचा उतार, मग एक कातळटप्पा, मग पुन्हा उतार, पुन्हा कातळ असा क्रम लागतो. तुमचा मुलगा चढतो ते हे मधले टप्पे. पुरुषभर, दोन पुरुष उंचीचे. हात लावल्याशिवाय जमत नाही, पण दोर लागतोच असंही नाही. त्यालाच ही मुलं स्क्रॅम्बलिंग म्हणतात.

आता धोका कुठे आहे? पुष्कळांना वाटतं की उंचीत. मी सांगेन, टप्प्याच्या खाली काय आहे त्यात. खाली सपाट, रुंद जागा असेल तर पुरुषभर उंचीवरून घसरलेला मुलगा पाय मुरगळून घेईल. तोच टप्पा तिरप्या, वाळलेल्या गवतावर संपत असेल आणि ते गवत पुढे कड्यावर, तर तो घसरून थांबणार नाही. दोन्ही कातळ अगदी सारखे दिसतात, व्हिडिओत तर हमखास. मुलानं प्रत्येक टप्प्याशी स्वतःला विचारायला हवं : पडलो तर थांबेन कुठे? उत्तर "इथेच" असेल तर चढावं. "माहीत नाही" असेल तर तिथे दोर, हेल्मेट आणि दोर धरायला शिकलेला माणूस हवा. तो नसेल तर परतायचं.

दुसरी गोष्ट नाव नसलेल्या डोंगरांची म्हणून आहे, आणि ती कुणी सांगत नाही. गर्दीच्या गडावरचा कातळ हजारो हातांनी चाचपलेला असतो. सुटणारे दगड कधीच सुटून गेलेले असतात, खोबण्या गुळगुळीत झालेल्या असतात. ज्या सोंडेवर वर्षात कुणी फिरकत नाही तिथला प्रत्येक दगड तुमचा मुलगा पहिल्यांदा ओढणार असतो. म्हणून भार टाकण्याआधी परीक्षा करायची. मी कशी करते ते सांगते. बोटांच्या मागच्या सांध्यांनी दगडावर ठोकते. खणखणीत आवाज आला तर तो मागच्या कातळाचाच भाग आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, त्याला हात लावायचा नाही. मग त्याच्या कडेनं बारीक फट आहे का बघते. फटीत माती असेल, गवताचं मूळ शिरलेलं असेल किंवा मुंग्या ये-जा करत असतील, तर दगड वेगळा झालेला आहे. यातून पास झाला तरी तो बाहेर ओढायचा नाही, खाली दाबायचा. पांढरे चकाकणारे स्फटिक भरलेला जाळीदार दगड दिसायला देखणा असतो, पुण्याच्या आसपासच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत, पण हाताला धरायला तो वाईट. चिमटीत चुरा होतो. गवताच्या झुबक्याला धरायचं नाही. कारवीची जुनी, जाड काठी बुंध्याशी धरली तर चालते, वरून धरली तर मोडते.

दोन हात, दोन पाय, या चारांतले तीन कायम टेकलेले हवेत आणि एकच हलवायचा. पोट कातळाला चिकटवायचं नाही. घाबरलेला माणूस नेमका चिकटतो, मग त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. अंग थोडं मागे, टाचा खाली, वजन पायांवर. हात फक्त तोल सांभाळायला.

आणि तिसरी, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट : उतरणं. चढताना डोळे पकडीच्या समोर असतात, उतरताना पाय जिथे जायचा ती जागा अंगाखाली लपलेली असते. शिवाय तोवर दुपार झालेली असते, पाणी संपत आलेलं असतं, मांड्या थरथरत असतात. म्हणून ज्या टप्प्याबद्दल शंका असेल तिथे मी सोबतच्या मुलांना पुरुषभर चढायला लावते आणि तेवढंच उतरायला लावते, कातळाकडे तोंड करून. नीट उतरला तरच पुढे जायचं. ज्याला उतरता येत नाही त्यानं तो टप्पा चढायचाच नाही, मग माथा दहा पावलांवर का असेना. चढताना अनुभवी मुलगा पुढे, उतरताना तोच शेवटी. एका खाली एक उभं राहायचं नाही, कारण वरच्याच्या बुटाखालून दगड सुटतो तो थेट खालच्याच्या डोक्यावर.

तर पुढच्या वेळी तो व्हिडिओ दाखवायला आला की मनापासून बघा, आणि म्हणा, "आता उतरतानाचा दाखव." कुठून उतरलात, किती वाजता उतरलात, कोण शेवटी होतं, हे विचारा. ही उत्तरं त्याच्याकडे असतील तर निर्धास्त राहा. नसतील तर त्याला एखाद्या चांगल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यायला लावा. पुण्यात गिर्यारोहणाच्या जुन्या, जाणत्या संस्था आहेत. गिरिप्रेमीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पुढे आवड टिकली तर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स आहे. त्या पैशाकडे फीच्या हिशेबात बघा, चैनीच्या नाही.

प्रश्न : हे डोंगर सरकारी आहेत म्हणजे कुणीही जावं असं समजायचं का? एकदा आम्हाला वनरक्षकानं परत पाठवलं होतं, आणि एकदा तारेच्या कुंपणानं. (बाणेर)

उत्तर : सरकारी म्हणजे सगळं एकाच प्रकारचं नव्हे. पुणे जिल्ह्यात डोंगराचा वरचा भाग पुष्कळदा वन खात्याचा असतो. त्यातलं राखीव वन १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली येतं, आणि तिथे बिनपरवाना शिरणं, आग पेटवणं, झाड तोडणं हे गुन्हे आहेत. गावकऱ्यांच्या मळलेल्या पायवाटेनं देवळाला जाणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, पण वनरक्षकानं "आज नको" म्हटलं तर वाद घालू नका. उन्हाळ्यात वणव्यामुळे, पावसाळ्यात दरडींमुळे त्याला तसं सांगावं लागतं. अभयारण्याची गोष्ट आणखी वेगळी. भीमाशंकर १९८५ पासून आणि ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो आणि रीतसर परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनंच जायचं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही कडे आणि धबधबे बंद करतात, घरून निघण्याआधी तो आदेश वर्तमानपत्रात बघून मगच बेत करा.

डोंगराचा मधला पट्टा बऱ्याचदा गायरान असतो, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. तिथे चालायला हरकत नसते. आणि खालची शेतं, हल्ली फार्महाउसचे प्लॉट, हे खासगी. तुम्हाला अडवणारं कुंपण बहुतेक तेच असणार. तार वाकवून शिरू नका. वळसा घालायला अर्धा तास लागतो, एवढंच. जुनी पाऊलवाट कुंपणात गेली असेल तर गावकरी नवी वाट कुठून काढली ते सांगतात.

प्रश्न : वय ६४, गुडघे कुरकुरतात. मी आता हे सोडून द्यावं का? (सहकारनगर)

उत्तर : मुळीच नाही, काका. तळजाई आणि पर्वती तुमच्या दारात आहेत, वेताळ टेकडी फार लांब नाही. आठवड्यातून चार दिवस टेकडी चढा आणि उतरताना दोन काठ्या वापरा. काठ्या उतारावर थोड्या लांब करायच्या म्हणजे गुडघ्यावरचा भार हातांवर येतो. डॉक्टरांची ना नसेल तर महिन्यातून एकदा बोपदेव घाटातून कानिफनाथला जा. वर वारा असतो, पुरंदर दिसतो. घसाऱ्याच्या वाटा मात्र सोडा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी. ग्रुपबरोबर जायला आवडत नाही, कारण तिथे गाणी आणि सेल्फी यातच वेळ जातो. पण दोघींनीच अनोळखी डोंगरावर जाणं योग्य आहे का? (पिंपळे सौदागर)

उत्तर : मी नि माझी मैत्रीण वर्षानुवर्षं दोघीच जातो, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला ठाऊकच असेल. काही गोष्टी आम्ही कटाक्षानं पाळतो. पहिल्या वेळी नव्या डोंगराला उजाडताच पायथ्याला असतो आणि दुपारी १ वाजता, माथा आला असो वा नसो, परत फिरतो. डिसेंबरात ६ च्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या आधी अंधारतं. पायथ्याच्या गावात कुठल्या तरी घरी, शक्यतो जिथे बाई अंगणात असेल तिथे थांबून दोन शब्द बोलतो, वर चाललोय म्हणून सांगतो, आणि उतरल्यावर पुन्हा तिथूनच जातो. त्या घरात आपली वाट बघणारं कुणी तरी असतं, हा मोठा आधार आहे. पुण्यातल्या घरी कोणती सोंड, कोणतं गाव, किती वाजेपर्यंत फोन, हे कागदावर लिहून ठेवतो. मोबाइलची रेंज धारेवर येते, घळीत जाते, म्हणून फोन करायचा तो धारेवरूनच.

दोघींतली एक जायबंदी झाली तर दुसरीनं तिला सोडून जायची वेळ येते, ही दोघांच्या चमूची खरी अडचण आहे. त्यामुळे दोघीच असताना आम्ही कातळटप्पे घेत नाही. तिसरं-चौथं माणूस बरोबर असलं तरच. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ हे नंबर पाठ असू द्या. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी फोनमध्ये टाकून ठेवा.

प्रश्न : साप आणि मधमाश्या यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? (चिंचवड, आणि आणखी काही पत्रं)

उत्तर : सापापेक्षा मधमाश्यांची काळजी जास्त करा. आग्या मोहोळं उंच कड्यांना, ओव्हरहँगखाली म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली लटकलेली असतात. काळसर, हातभर रुंद पडदाच जणू. लांबून दिसलं की वाट बदला. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, कड्याखाली आरडाओरडा नको, दगड भिरकावणं तर नकोच. माश्या उठल्याच तर तोंड-मान ओढणीनं किंवा जॅकेटनं झाकून त्या जागेपासून लांब पळा, हात झाडू नका. कातळावर असताना माश्या आल्या तर काही करता येत नाही, म्हणून चढण्याआधी वर बघायची सवय लावून घ्या.

सापांमध्ये आपल्या खडकाळ, बोडक्या डोंगरांवर जपायचं ते फुरशापासून. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, दगडाखाली पडून राहणारं. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हा नियम कातळावर पकड शोधतानाही लागू आहे. वरची खोबण डोळ्यांनी दिसत नसेल तर आधी काठीनं चाचपा. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, आणि शक्य तितक्या लवकर प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचा खटाटोप करू नका.

प्रश्न : ताई, मी पुण्याचा नाही, भोर तालुक्यातल्या एका वाडीतला आहे. तुमचा लेख भाचीनं वाचून दाखवला. चांगलं लिहिता, पण लोकांना असं डोंगरावर धाडू नका. मागच्या साली पोरांनी वर शेकोटी केली आणि आमचं गवत जळालं. टाक्यातल्या पाण्यात साबण लावून आंघोळ केली. तुम्ही छापणार का हे?

उत्तर : छापते आहे, दादा, आणि तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शहरातल्या वाचकांनी हे नीट समजून घ्यावं म्हणून सांगते. दिवाळीनंतर डोंगरावर उभं असलेलं ते वाळकं गवत तुम्हाला फोटोची सोनेरी पार्श्वभूमी वाटतं, पण ते गावाचं पावसाळ्यापर्यंतचं वैरण असतं. जानेवारी-फेब्रुवारीत एक ठिणगी पडली की सगळी सोंड जळते, आणि मग जूनच्या पावसापर्यंत जनावरांना विकत चारा आणायचा किंवा जनावर बाजारात न्यायचं. वन खातं हिवाळ्यातच गवत कापून, जाळून जाळरेषा काढतं ती आग पुढे सरकू नये म्हणून. त्यामुळे माझी या बाबतीत कसलीही तडजोड नाही : पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस पडेपर्यंत डोंगरावर काडी पेटवायची नाही. शेकोटी नाही, चूल नाही, सिगारेट नाही. भाकरी-पिठलं, ठेचा घरून बांधून न्या. चहा हवाच असेल तर थर्मास आहे.

टाक्याचं पाणी गुराखी पितात, माकडं पितात, रानडुकरं पितात. मार्चनंतर त्या डोंगरावर दुसरं पाणी नसतं. त्यात पाय बुडवायचा नाही, भांडं बुडवायचं नाही. पाणी ओंजळीनं किंवा स्वच्छ बाटलीनं काढून, बाजूला जाऊन वापरायचं. पुण्याहून निघताना माणशी ३ लिटर घ्या म्हणजे त्या टाक्याला हात लावायची वेळच येत नाही.

आणि वाट दाखवायला गावातलं कुणी बरोबर आलं तर त्याची दिवसभराची मजुरी आधी ठरवून द्या, चहापाण्यावर भागवू नका. तो त्या दिवशी शेतावर किंवा रोजंदारीवर गेला असता. खळ्यात गाडी लावू नका. माथ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी चपला-बूट काढा, तुमची श्रद्धा असो नसो. तो त्यांचा देव आहे आणि तुम्ही त्याच्या अंगणात आला आहात. दादा, तुमच्या डोंगराचं नाव मी इथे दिलेलं नाही, पुढेही देणार नाही.

प्रश्न : सध्या कोणते बूट घ्यावेत? ब्रँड सांगा. (औंध)

उत्तर : ब्रँड सांगत नाही. तळवा मऊ रबराचा, खाचा खोल, पुढचं टोक आवळ नको. कोरड्या कातळावर साधे चांगले बूट चालतात. शेवाळलेल्या कातळावर जगातला कुठलाही बूट घसरतो, म्हणून जून ते सप्टेंबर कातळटप्पे बंद ठेवा. ऑक्टोबरातही सावलीतली, उत्तरेकडची बाजू बराच काळ ओली राहते.

प्रश्न : आमच्या ग्रुपला खडकवासल्याच्या मागच्या बाजूच्या एका सोंडेवर नवी वाट सापडली आहे. इतरांची सोय व्हावी म्हणून दगडांवर ऑइलपेंटनं बाण काढावेत असा विचार आहे. तुमचं मत? (धायरी)

उत्तर : काढू नका. सोय करण्याची भावना मला कळते, पण बाण बघून येणारा माणूस डोंगराकडे बघत नाही, पुढच्या बाणाकडे बघतो. पावसात वाट खचते, दरड येते, बाण मात्र तिथेच राहतो आणि थेट मोडलेल्या वाटेकडे बोट दाखवत राहतो. रंग कातळावरून वर्षानुवर्षं जात नाही, आणि वन खात्याच्या हद्दीत दगड रंगवणं तुम्हाला महागात पडू शकतं. शिवाय तुम्ही जिला नवी वाट म्हणता ती बहुधा गुराख्यांची जुनी ढोरवाट असणार. गावात विचारून बघा.

पठारावर धुक्यात स्वतःला परतायला खूण हवी असेल तर चार-पाच दगडांची लगोर रचा. एका लगोरीवरून पुढची दिसेल एवढ्या अंतरावर ठेवा, आणि परत येताना शेवटच्या माणसानं ती मोडत यावं. आधीच्या कुणाची लगोर दिसली तर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही जण गंमत म्हणूनही रचतात.

पुढच्या अंकात उन्हाळ्यातल्या पहाटेच्या चढाया आणि पाण्याचा हिशेब या विषयावरचे प्रश्न घेणार आहे. पत्र पाठवताना तुमच्या भागातून तुम्हाला सोयीची एसटी, पीएमपी किंवा लोकल कोणती ते अवश्य लिहा, म्हणजे मला त्याप्रमाणे बाजू सुचवता येईल.